मी बसवलेली पत्ती

लेथवर सळई फिरत असते आणि तुकडा कापायची पातळ पत्ती तिच्यात हळूच शिरते. तुकडा खाली पडेपर्यंत सळई तशीच फिरत राहते.

सकाळी दादा म्हणाला, "सुमे, पत्ती तूच निवड. तू बसवलेली ओरडत नाही." मी अरुंद पत्ती घेतली, धार लावली, फार बाहेर न काढता सळईच्या बरोबर मध्यावर बसवली. वाटलं, नवीन काम आलं असेल. वडील गेल्यापासून हे मशीन आम्ही दोघांनीच चालवलं.

दुपारी एक गृहस्थ आले. दादाने त्यांना तुकडा कापून दाखवला. ते खूश झाले.

"आवाज नाही, थरथर नाही. घेतलं तुमचं मशीन! उद्या टेम्पो पाठवतो. ताई, आता तुम्हाला आराम."

मी दादाकडे पाहिलं. तो फडक्याने हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

पत्ती केसभर वर बसवली असती, तर किंचाळली असती. सौदा कदाचित मोडला असता. पण दादाने सांगितलेलं काम मी कधी वाईट केलंच नाही, आणि हे त्याला ठाऊक होतं.

पडलेला तुकडा मी उचलला. अजून गरम होता. कापलेल्या बाजूवर एकही ओरखडा नव्हता.