अर्धं घर भाड्याचं, अर्धं आपलं

गडचांदूरला सकाळी ओटा पुसला की दुपारी त्यावर बोटानं नाव लिहिता येतं, इतकी सिमेंटची धूळ. आमच्या लाइनीतल्या गोष्टींचंही तसंच आहे. एक ऐकून झाडून टाकावी, तोवर दुसरी बसलेली असते. मी फार बोलत नाही, त्यामुळे माझ्यासमोर लोक जरा जास्तच बोलतात. लग्न होऊन आठ महिने झाले, तेवढ्यात माझ्याकडे बराच साठा झालाय.

आधी लाइन म्हणजे काय ते सांगते. आठवडी बाजाराच्या मागे नामदेवभाऊंनी वडिलांच्या शेतात एका ओळीत आठ घरं बांधली. भाऊंचं हार्डवेअरचं दुकान आहे. घरं त्यांनी विकली नाहीत आणि नुसती भाड्यानंही दिली नाहीत. ‘भाड्यातून मालकी’ अशी स्कीम काढली. भाडं इतरांपेक्षा जरा जास्त, पण त्यातला काही भाग घराच्या किमतीत जमा. पाच वर्षं न चुकता दिलं की घर तुमचं. मध्येच सोडलं तर जमा झालेलं भाऊंचं. सालगडी जसा पाडव्याला लागतो आणि पाडव्याला सुटतो, तसा भाऊंचा करारही पाडवा ते पाडवा.

आम्ही आठ नंबरमध्ये. पाडव्यापर्यंत साधं भाडं, त्यानंतर स्कीमच्या कागदावर सही करायची, नाहीतर घर खाली. माझा नवरा मंगेश सिमेंट प्लांटमध्ये पॅकिंगला आहे. तो एका पायावर तयार होता. “भाडं तसंही जातेच ना! असं गेलं तर घर तरी होते,” असं तो रोज म्हणायचा. मग मला विचारायचा, “तुले काय वाटते?” आणि मी तोंड उघडेपर्यंत घोरायला लागायचा.

म्हणून मी ठरवलं, आपण बघत राहायचं.

* * *

घर बघायला आलो तेव्हा आठ नंबरमध्ये एकही स्विचबोर्ड नव्हता. भिंतीतून नुसत्या वायरी लोंबत होत्या. नळाच्या तोट्या नव्हत्या, खिडकीचं ग्रिल नव्हतं. अंगणात गुडघाभर खड्डा.

“हा खड्डा कशाचा?” मंगेशनं विचारलं.

“कढीपत्ता होता,” भाऊ म्हणाले. “पहिले जे राहत होते त्याईनं लावला होता. तीन वर्षं होते. मंग नागपूरले नोकरी लागली, गेले.”

“कढीपत्ता घेऊन?”

भाऊंनी घरावरून मायेनं नजर फिरवली. “लय जीव होता हो त्याईचा या घरावर!”

* * *

भाऊंनी आम्हाला घर रविवारी दाखवलं. किती शांत, असं मीच म्हटलं होतं.

राहायला आल्यावर पहिल्याच सोमवारी दुपारी दोन वाजता मी पोळ्या लाटत होते. एकदम जमीन हलली, मांडणीवरची भांडी खणखणली आणि एक डबा माझ्या पायाजवळ येऊन पडला. मी धावत बाहेर. शेजारच्या सात नंबरच्या शकुंतलाबाई प्लांटच्या पोरांचे डबे करतात. त्या एका हातानं मांडणी धरून, दुसऱ्या हातानं भाजी ढवळत होत्या.

“घाबरली का वं? चुनखडीच्या खाणीत ब्लास्टिंग होते. रविवारी सुट्टी राह्यते.”

त्यांच्या भिंतीला एक बारीक भेग होती. भेगेच्या टोकाशी पेन्सिलनं तारीख. तिच्या थोडं खाली आणखी एक तारीख, तिच्याखाली आणखी एक. लहान मुलाची उंची लिहितात ना, तशी.

“भाऊंना दाखवली का?” मी विचारलं.

“दाखवली ना. म्हणते, ‘बाई, फायदाच झाला की तुमचा. एकदम विकत घेतलं असतं तर आधी समजलं असतं काय?’”

आणि खरं सांगू? मला ते पटलं. लग्नाआधी कुणाला कुठे असं पाच वर्षं राहून बघता येतं!

* * *

तीन नंबरला रहीमचाचा आणि नसीमचाची. चाचा वेल्डिंग करतात. त्यांच्याकडे पगाराची स्लिप नाही, त्यामुळे बँकेनं त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. भाऊंनी मात्र एकही कागद मागितला नाही. “जबान पे घर दिया,” असं चाचा अजून सांगतात. स्कीमचा हा फायदा मी मनात लिहून ठेवला.

तोटा चाचींनी सांगितला.

पहिल्याच पावसात छत गळलं. चाचींनी फोन केला. भाऊ म्हणाले, “चाची, घर कोणाचं हाय? तुमचंच ना! मंग आपलं घर आपणच दुरुस्त करा लागते.” चाचांनी पत्रे ठोकले.

उन्हाळ्यात फार उकडतं म्हणून चाचींनी मागच्या भिंतीत खिडकी पाडायला माणूस लावला. दोन विटा निघाल्या असतील, भाऊ मोटारसायकल आडवी टाकून पळत आले. “थांबा, थांबा! काऊन तोडून राह्यले? घर माझं हाय!”

चाचींनी डोक्यावरचा पदर नीट केला. “भाऊ, ऐसा करू. बरसात में घर तुमचं, गर्मी में आमचं. चलेगा?”

खिडकी झाली. भाऊंनी मग स्वतःच्याच दुकानातलं ग्रिल दिलं. विकत.

* * *

शकुंतलाबाईंना वास्तुशांतीची फार हौस. घर पूर्ण आपलं नाही, तर वास्तू कशी करायची? त्यांनी भटजींनाच गाठलं. दर वर्षी एका खोलीची पूजा करायची असं ठरलं. पहिल्या वर्षी स्वयंपाकघर, दुसऱ्या वर्षी समोरची खोली, तिसऱ्या वर्षी झोपायची.

यंदा चौथं वर्ष. त्यांनी भटजींना बोलावलं आणि न्हाणीघर दाखवलं.

भटजी मागे सरकले. “बाई, न्हाणीघराची वास्तुशांती मी आजवर केली नाई.”

शकुंतलाबाई म्हणाल्या, “मंग काय माझं हे साल वाया गेलं म्हणायचं?”

भटजींनी बाहेर उभं राहून आत पाणी शिंपडलं.

* * *

पाच नंबर मडावी गुरुजींचं. दोन वर्षं नीट गेली आणि गुरुजींची बदली थेट सिरोंच्याकडे झाली. करारात एक अट होती. घर महिनाभर बंद राहिलं तर करार मोडला. बायको-मुलं गुरुजींबरोबर गेली, आणि गावाकडून त्यांचे म्हातारे बाबा आले. एक बाज, एक घोंगडं, मोहफुलांचं एक गाठोडं.

बाबांनी बाज अंगणात टाकली आणि तिथेच राहिले. चूलही अंगणात. घराला कुलूप.

भाऊ महिनाभरानं आले. “बाबा, आत काऊन राहत नाई? करारात घर वापरलं पाह्यजे असं लिवलं हाय.”

“मी राहायले नाई आलो,” बाबा म्हणाले. “मी जागल करून राह्यलो.”

आमच्याकडे पिकात रानडुकरं शिरू नयेत म्हणून शेतावर राखणीला बसतात, ती जागल. भाऊंना हसावं की रागवावं कळेना.

“अन् आत कधी जासान?”

“पीक घरी आल्यावर,” बाबा म्हणाले. “अजून तीन साल हाय ना जी?”

भाऊ गेले. जाताना मला म्हणाले, “आपल्या मालाची अशी राखण मी कधी केली नाई हो.”

* * *

पाडवा जवळ आला. माझा हिशोब काही सुटेना. फायदा एक दिसला की त्याच्या पाठीला चिकटून एक तोटा. पण यंदा चाचांची पाच वर्षं पूर्ण होत होती. लाइनीतलं पहिलं घर खरंच कुणाचं तरी होणार होतं. मी मंगेशला सांगितलं, “चाचांची रजिस्ट्री झाली तर सही करू. नाही झाली तर सामान बांधू.” तो जागा होता, म्हणून ऐकलं.

पाडव्याच्या आठ दिवस आधी चाचा नवा शर्ट घालून भाऊंसोबत रजिस्ट्री ऑफिसला गेले. दुपारी परत आले आणि ओट्यावर बसले. मागोमाग भाऊ, मान खाली.

झालं असं होतं की कागद लिहिणाऱ्यानं सातबारा उलटून पाहिला, तर जमिनीवर भाऊंच्या नावाखाली आणखी एक नाव. त्यांची बहीण विमलताई. वडील गेल्यावर दोघांचं नाव लागलं होतं. तिच्या सहीशिवाय घराची एक वीटही विकता येत नव्हती.

“ताईचं नाव हाय हे माह्या ध्यानातच नाई राह्यलं,” भाऊ म्हणाले.

चाचींचा आवाज चढला नाही. “भाऊ, आम्ही पाच साल में एक महिना नाई विसरलो. तुम्ही एक बहीण विसरले?”

लाइनीतल्या सगळ्यांचेच चेहरे उतरले. मी खोकी शोधायला लागले.

* * *

विमलताई पाडव्याच्या आदल्या दिवशी गोंडपिपरीहून एसटीनं आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी. भाऊंनी स्टॅम्प पेपर आणि पेन पुढे केलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि आधी लाइन पाहिली. पहिल्या घरापासून आठव्या घरापर्यंत, प्रत्येक घरात शिरून, बायांना एकेक गोष्ट विचारत. मग चाचींच्या ओट्यावर येऊन बसल्या. आम्ही सगळे भोवती.

“सही कर ना ताई,” भाऊ म्हणाले. “पहिला कागद रहीमभाईचा.”

“पहिल्या पावसात छत गळलं तवा पाणी कोणं उपसलं?” ताईंनी विचारलं.

“चाचीनं,” भाऊ पुटपुटले.

“अन् मांडणी कोण धरते रोज दोन वाजता?”

शकुंतलाबाईंनी पदराला हात पुसले.

“आपल्या बाबाच्या सातबाऱ्यावर माह्यं नाव होतं, ते तू विसरला. या बायाईचं तर लिवलंच नाई, मंग विसरशीन कसा? बाईच्या नावानं कागद कर. सगळ्याईचे. मंग सही.”

भाऊंनी चाचांकडे पाहिलं. चाचा ताडकन उठले. “लिखो भाई, लिखो! जल्दी लिखो, इनका मूड बदलने से पहले!”

कागद नव्यानं लिहिला. विमलताईंनी चष्मा पुसून अक्षर अक्षर जुळवत सही केली. चाची आत निघून गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मग विमलताई माझ्याकडे वळल्या. “तू आठवाली ना? तुले पाह्यजे का घर?”

एवढं विचारून त्या थांबल्या. उत्तराची वाट बघत राहिल्या. मला त्याची सवय नव्हती.

“पाहिजे,” मी म्हटलं. “पण करार आजच्या आज रजिस्टर करायचा. तुमच्या सहीसकट. अन् दुरुस्ती कोणाची, ते त्यात लिहायचं.”

भाऊंनी कपाळाला हात लावला. विमलताई पहिल्यांदा हसल्या. “लिव्ह रे नामदेव, या पोरीचं नाव लिव्ह.”

मंगेश खिशातून नवीन पेन काढून केव्हाचा तयार उभा होता. त्यानं ते हळूच परत खिशात घातलं. “आत्याबाई,” तो म्हणाला, “अन् माह्यं नाव?”

विमलताईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आठ नंबर पाहिला होता अगदी तसंच.

“तू सध्या राह्य भाड्यानं. पाच वर्षं नीट राह्यला, तर चढवू तुह्यं बी नाव!”