बनाबाईचा समाचार

आमच्या वडूजात कुणाला शिंक आली, तर रुमालाच्या आधी बनाबाईला कळायची. आजाऱ्याच्या समाचाराला जायचं आणि कोण आलं नाही ते ध्यानात ठेवायचं, हा तिचा जन्माचा उद्योग. तसल्याच एका समाचाराहून ती ताप-खोकला घेऊन आली. घरात सून शिवांजली ओली बाळंतीण, नातवाचं बारसं नुकतंच झालेलं.

डॉक्टर म्हणाले, "घरीच बरं होईल. ताप चढला तर ही गोळी, पाणी नि पेज भरपूर. दम लागला तर मात्र तडक या. आणि बाळाजवळ फिरकायचं नाही, त्याला हे झेपणार नाही."

बनाबाई पुढच्या खोलीत गेली. शेताकडची खिडकी उघडी, सोप्याकडची काच बंद. ताट, टॉवेल वेगळा. शिवांजली दाराशी जेवण ठेवी, भांडी नेली की साबणानं हात धुई. पण बाईचा पाय ठरेना. खाटेवरून दाराशी, दारापासून खाटेशी. शेजारचा मी शेताच्या वाटेनं चाललेला दिसलो की मास्क सारखा करून हाक मारायची.

"कोन आजारी हाय का रं गावात?"

"न्हाई वैनी. तुमी आत, मग समाचाराला कोन यील म्हनून कोन पडंना."

शेवटी लोणंदहून तिची ननंद रंगूबाई आली. काखेत बिस्किटांचा पुडा, घशात खोकला. सोप्यावर बाळ दिसताच काजळाची डबी उघडून तीट लावायला तिनं बोट जिभेवर टेकवलं. थोरल्या माणसाला अडवायचं कसं? शिवांजली नुसती अवघडली. इतक्यात बनाबाईनं आतून काच वाजवली.

"वन्सं, बोट लावू नका पोराला. खोकताय तुमी."

"मी परकी हाय व्हय?"

"मी सख्खी आजी, तरी कोंडून घेतलंया."

रंगूबाई उठून अंगणात जाऊन बसली. "पुन्यांदा तुमच्या समाचाराला येनार न्हाई."

बनाबाईला याहून मोठा शाप नव्हता. खोलीत तिनं दोन येरझाऱ्या घातल्या.

"नका येऊ. बरी झाले की मीच येते लोनंदला. हात धुवा, तितंच च्या घ्या."

शिवांजलीनं बाळ काचेजवळ धरलं. बनाबाईनं आपल्या डबीतलं काजळ बोटावर घेतलं आणि काचेवर, बाळाच्या गालाचा नेम धरून ठिपका दिला. बाळानं मान हलवली. ठिपका कानावर गेला. तिनं पुसून पुन्हा दिला. आता नाकावर.

अंगणातून रंगूबाईला राहवेना.

"आवं वैनी, जरा खाली घ्या की."