त्या गाण्यातलं ‘ये ना’

शेजारच्या आजोबांनी माझं दार वाजवलं ते मी भारतीय दिसते म्हणून. मला वाटलं, पार्सल असेल. “एका शब्दाचा अर्थ हवाय,” ते म्हणाले.

वॉटफर्डला मी नवीनच होते. इंग्लंडातच वाढलेली लेक साउथहॅम्प्टनला युनिव्हर्सिटीत, नवरा पुण्यात त्याच्या आईपाशी, आणि मी घरी बसून सॉफ्टवेअर तपासायचे. शनिवार-रविवारी तोंड उघडायचं ते फक्त चहा प्यायला. म्हणून गेले.

आजोबांकडे एकाच गाण्याच्या ग्रामोफोनच्या बऱ्याच तबकड्या होत्या. शंभरेक वर्षांपूर्वीचं नाचाचं इंग्रजी गाणं. गंगेकाठी राजकन्या, वर चंद्र, मागे उंट.

“गंगेवर उंट?” मी विचारलं.

“लिहिणारा इथल्या ब्रायटनच्या किनाऱ्यापुढे गेला नसणार,” ते म्हणाले.

पहिलं रेकॉर्डिंग मायक्रोफोन येण्याआधीचं. सगळा बँड एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीनं उभा राहायचा. ढोल जोरात वाजला तर सुई उडायची, म्हणून ढोलवाल्याच्या हाती नुसते लाकडी ठोकळे. पुढची रेकॉर्डिंग मायक्रोफोनवरची: एक बाईच्या आवाजातलं, एक हॉटेलच्या ऑर्केस्ट्राचं, एक दुसऱ्या महायुद्धानंतरचं, घाई सुटल्यासारखं. कडव्याच्या शेवटी एक परका शब्द यायचा. प्रत्येक गायकानं तो आधीच्या तबकडीवरून उचललेला, त्यामुळे दर वेळी थोडा झिजलेला. तो कुठल्या भाषेतला, हे आजोबांना कुणीच सांगू शकलं नव्हतं.

बाईची तबकडी लागली आणि खरखरीतून मला स्वच्छ ऐकू आलं, “ये ना.”

“ही माझी भाषा आहे!” मी जवळजवळ ओरडलेच. “ती त्याला बोलावतेय. नुसतं ‘ये’ नाही. ‘ये ना’. आर्जव आहे त्यात.”

आजोबांनी तबकडी पुन्हा लावली, मग पुन्हा. त्यानंतर दर रविवारी ते दार वाजवायचे आणि मी जायचे. मला ‘ना’ समजावून सांगायला आवडायचं. तबकड्या जमवणाऱ्यांच्या त्यांच्या क्लबात ते या गाण्यावर बोलणार होते. शेवटी माझा शब्द सांगून सगळ्यांना चकित करणार होते.

मी ते गाणं मोबाइलवर घेऊन लेकीला पाठवलं. तिचा लगेच फोन.

“आई, ‘ये ना’ कुठेय? ‘हायाना’ असा काहीतरी बडबड आहे.”

“अशी बडबड. नीट ऐक.”

“ऐकलं. तुझी कान खराब झालीय.”

“तुझे कान खराब झालेत.”

“माझे नाही, तुझे! मराठीत कुणाशी बोलत नाहीस ना, म्हणून तुला सगळीकडे तेच ऐकू येतं.”

पुढच्या रविवारी मी आजोबांना सगळ्यात जुनी तबकडी लावायला सांगितली. तिच्यात शब्द अजून झिजलेला नव्हता. हायाना. कुठल्याच भाषेतला नव्हता तो. पौर्वात्य वाटावा म्हणून घातलेला.

सांगितलं तर रविवार जाणार, हे मला कळत होतं. पण न सांगितलं तर ते भरल्या हॉलमध्ये चुकीचं बोलणार. चूक सापडली की कळवायची, हेच माझं काम. कळवली.

“म्हणजे त्याला अर्थच नाही?”

“नाही. मला तसं ऐकू आलं, इतकंच.”

गाणं संपलेलं नसताना त्यांनी सुई उचलली. “तुमचं आधीचं उत्तर जास्त चांगलं होतं,” म्हणाले.

नंतरच्या रविवारी दार वाजलं नाही. मी भांडी घासली, इस्त्री केली. मग जाऊन त्यांचं दार वाजवलं.

“दुसरा शब्द सापडला?” त्यांनी विचारलं.

“नाही. चहा प्यायला आलेय.”

ते दारातून बाजूला झाले. मग त्यांनी खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली. “गाणं नाही लावत आज.”

“नका लावू.”

त्यांनी चहा केला. तो अर्धा संपल्यावर त्यांनी कौन्सिलच्या कचऱ्याच्या बिन्सचा विषय काढला, काळी कुठल्या आठवड्यात ठेवायची आणि हिरवी कुठल्या. त्यांचा आठवडा चुकत होता. तेही सांगितलं.