रसद अधिकाऱ्याचे अर्ज

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनला आलो आणि दोन वर्षांनी मी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय प्रोफेसर बाईंनी सुचवला: एकोणिसाव्या शतकात इथल्या राजाच्या फौजेत असलेल्या एका रसद अधिकाऱ्याची कारकीर्द. "लढणाऱ्यांवर सगळे लिहितात," बाई म्हणाल्या, "त्यांना जेवू घालणाऱ्यांवर कोणी लिहीत नाही."

साताऱ्याला फोन करून हे सांगितलं, तर बाबा हसतच सुटले. ते सैन्याच्या रसद विभागातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. भाऊबंद त्यांना 'डाळ-तांदळाचा फौजी' म्हणायचे. "म्हणजे आमच्यावरही डॉक्टरकी करतात तर!"

मग रोजचंच झालं. स्टुटगार्टच्या आर्काइव्हमध्ये माझी जेवणाची सुट्टी, ती त्यांची चहाची वेळ. "आज काय केलं तुझ्या साहेबानं?" ते विचारायचे. साहेब बेकरीवाल्याचा मुलगा. चाऱ्याच्या कोठारात कारकून म्हणून लागला आणि वर चढत गेला. गवताच्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून वास घेतल्याशिवाय तो गाडी भरू देत नसे. हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "बरोबर. वरून कोरडं दिसतं, आत घाम फुटलेला असतो."

फ्रान्सवरच्या स्वारीत मात्र त्याचं नशीब फिरलं. तोफा पुढे जाव्यात म्हणून पावाच्या गाड्या रस्त्याखाली उतरवायचा हुकूम आला. तीन दिवस गाड्या पावसात चिखलात रुतून राहिल्या. पावांना बुरशी आली, भुकेल्या शिपायांनी ते तसेच खाल्ले आणि हगवणीनं कितीतरी जण गेले. ठपका साहेबावर आला. त्याला घरी बसवलं.

बाबांनी कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग विचारलं, "हुकूम लेखी होता?"

"नाही. तोंडी."

"तोंडीच असतो."

आणि मला कधी न सांगितलेलं ते त्यांनी सांगितलं. जानेवारी होता, वर बर्फात एक चौकी होती. आभाळ बघून बाबांनी ट्रक एक दिवस आधी सोडायची परवानगी मागितली. वरचे म्हणाले, उद्या बघू. त्या संध्याकाळीच घाट बंद झाला. चौकीवरचा शिधा संपला, रॉकेल संपलं. एक जवान गेला, दोघांचे पाय कापावे लागले. चौकशीत नाव बाबांचं लागलं. पुढची बढती कधी आली नाही. त्या जवानाच्या गावचं नाव त्यांना अजून पाठ होतं.

त्यानंतर ते एवढंच विचारायचे, "झाली का गं त्याची फेरचौकशी?"

साहेब दर वसंतात अर्ज करायचा. गणवेश परत नको, पगार नको, फक्त दोष माझा नव्हता एवढं लिहून द्या. मला शेवटचा अर्ज सापडला तेव्हा अक्षर थरथरलेलं होतं. कडेला दुसऱ्या कुणाच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द होता: आबगेलेन्ट. नामंजूर. त्यानंतर दोन महिन्यांत तो बहिणीच्या घरी वारला.

तो अर्ज सापडला त्याच आठवड्यात बाबांना हृदयविकाराचा दुसरा झटका आला होता. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी स्वतःच फोन केला. आवाज खोल गेलेला. "काय झालं त्याचं?"

मी म्हणाले, "मान्य केलं, बाबा. दोष त्याचा नव्हता म्हणाले."

"लेखी?"

"हो, लेखी."

"वाचून दाखव."

मी आर्काइव्हच्या पायऱ्यांवर उभी होते, हातात सफरचंद होतं. मी मनानेच चार जर्मन वाक्यं जुळवली, ती म्हटली आणि मग त्यांचं मराठी केलं. बाबा म्हणाले, "बरं झालं." अकराव्या दिवशी ते गेले. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

प्रबंधात मी खरं तेच लिहिलं, नामंजूर. पदवी मिळाली तेव्हा आई इथे आली होती. जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन म्हणाली, "यांच्या नावाचं पान वाच." मी वाचलं: "बर्फातल्या चौकीसाठी ज्यांनी एक दिवस आधी ट्रक सोडायची परवानगी मागितली होती, त्या माझ्या वडिलांना."

"कसली चौकी?"

मला वाटलं होतं, तिला ठाऊक असणार. मग सगळं सांगावं लागलं. ती खिडकीकडे बघत ऐकत राहिली.

"दर जानेवारीत एक दिवस ते जेवायचे नाहीत," ती म्हणाली. "विचारलं की म्हणायचे, पोट बिघडलंय. मी ओव्याचं पाणी करून द्यायचे."

मग म्हणाली, "सदतीस वर्षं. आणि ते मुकाट प्यायचे."

तिनं पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. ती इथे असेपर्यंत ते तिथेच होतं, आणि तिनं ते पुन्हा उघडलं नाही.