मामांची मिरची आणि माझी पेज

हसायचं ते शेवटी हसा, आणि तेव्हा चहाचा कप खाली ठेवा. कारण या घोळाची सुरुवात मी तोंडातून एक शब्दही न काढता केलीय. नुसती मान हलवली होती हो. आणि तेवढ्यावर माझ्या बायकोला माहेरी न्यायला माणसं दारात उभी राहिली!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी रोह्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो आणि पुलापलीकडे अष्टमीला भाड्याने राहायचो. दोन खोल्या, मागे बऱ्यापैकी मोठं परस. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, दिवस गेलेले. तिचं माहेर पेणजवळ, डोलवीच्या बाजूला खाडीकाठी. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. भात निघालं की मामा शेताच्या उंच तुकड्यात मिरची लावायचे. भात पोटासाठी, पण जीव सगळा त्या मिरचीत.

आदल्या साली तिच्यावर भुरी पडली होती. भुरी म्हणजे बुरशीच. पानाच्या मागे कुणीतरी पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं, मग पान वळतं, गळतं, आणि झाड नुसतं काटकीसारखं उभं राहतं. औषध मारायला गेले तर मामांना असा त्रास झाला की दोन दिवस अंथरुणावर. त्यानंतर त्यांनी पंपाला हात लावला नाही. या वर्षी परत भुरी दिसली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "आता ही बी गेली तर मिरची बंद. डोलवीला कंपनीत कंत्राटावर माणसं घेतात, जाईन." साठीला टेकलेला माणूस. सुमन त्या दिवशी जेवली नाही.

आणि त्याच आठवड्यात कॉलेजच्या लायब्ररीत एका मासिकात मला लेख सापडला. कोळंबीच्या आणि चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, कवचात एक पदार्थ असतो. कवच आम्लात भिजवायचं, मग कॉस्टिक सोड्यात उकळायचं, उरतात त्या पांढऱ्या पापड्या. त्या व्हिनेगरमध्ये विरघळवून झाडावर फवारल्या की पानावर पातळ पापुद्रा बसतो, आणि झाडही बुरशीशी भांडायला स्वतःच जागं होतं. विष नाही, काही नाही. जसा भातातला स्टार्च, कापसातला धागा, तसाच हा निसर्गानेच विणलेला पदार्थ.

मला सांगा, खाडीकाठच्या माणसाला कोळंबीच्या सालांची काय कमी?

पण कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं. जमलं तर मामांसमोर बाटली ठेवायची. नाही जमलं तर सासुरवाडीला कळायलाच नको. घरात सुमनला तेवढं माहीत होतं, आणि तिनेही माहेरी अवाक्षर काढायचं नाही असं कबूल केलं होतं.

पुलाच्या अष्टमीकडच्या टोकाला हिरूबाई मासळी घेऊन बसायची. आमची नेहमीची. मी पिशवी पुढे केली आणि म्हटलं, मावशी, कोळंबीची सालं द्या.

"सोललेली कोलंबी नको?"

म्हटलं, नको, नुसती सालं.

तिने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आवाज बारीक केला. "घरात खायाला?"

आता इथे माझी चूक. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली, मला पहिला तास गाठायचा, आणि बुरशी, आम्ल, कॉस्टिक हे सगळं त्या मासळीबाजारात कुठून सुरू करायचं? मी मान हलवली. होकारार्थी! आणि वरून, निघता निघता म्हणालो, कुणाला सांगू नका हां.

दुसऱ्या दिवसापासून पिशवी तयार असायची. एकदा घरी येऊन बघतो तर सालांच्या तळाशी चांगली मोठी, अख्खी कोळंबी. मी सरळ माणूस. परत पुलावर गेलो, तिची कोळंबी तिला दिली आणि म्हटलं, ही चुकून आली, मला सालंच पुरतात. हिरूबाईने पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, मासळीचा हात लागला असेल.

इकडे परसात माझा कारखाना सुरू. सालं धुवायची, वाळवायची, कावळे हाकलायचे. आम्लात टाकली की फसफसायची, सोड्यात उकळली की असा वास सुटायचा की सुमन नाकाला पदर लावून आतल्या खोलीत दार बंद करून बसायची. तिने तर फर्मानच काढलं होतं, मूल होईपर्यंत यातलं एक भांडं उंबऱ्याच्या आत आणायचं नाही.

त्या काळात आमच्याकडे शेजारपाजारहून खूप काही यायचं. कुणी तांदळाच्या भाकऱ्या, कुणी बोंबलाचं कालवण, कुणी वालाची उसळ. सुमन म्हणायची, पोटुशीचे डोहाळे पुरवतात हो, किती मायेची माणसं. मलाही तेच वाटलं. कॉलेजात आमचा शिपाई मला डब्यातली अर्धी भाकरी काढून द्यायला लागला. प्राचार्यांनी एकदा केबिनमध्ये बोलावून, घरचं सगळं नीट चाललंय ना, असं विचारलं. मी आपलं सहज बोलतात तसं बोललो, चाललंय कसंबसं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

तरी मला शंका आली नाही. शंका यायला डोकं ठिकाणावर लागतं, माझं पातेल्यात होतं.

एका रविवारी सकाळी ते जमलं. इतके दिवस पापड्या नुसत्या तरंगायच्या, त्या दिवशी विरघळल्या. स्टीलच्या पातेल्यात दाट, किंचित पिवळसर, चमच्यावरून धार सुटेल असं द्रावण. मी आनंदाने ढवळत बसलो होतो, बाजूला सालांचं ताट, आणि परसाच्या फाटकातून मामी आत आल्या. मामी म्हणजे सासूबाई. त्यांच्या मागे मामा, खांद्यावर तांदळाचं पोतं. सकाळच्या गाडीने पेणहून रोह्याला उतरून, ते पोतं घेऊन स्टेशनवरून चालत आलेले.

झालं होतं असं, की हिरूबाईची बहीण पेणच्या बाजारात मासळी विकते आणि मामी तिच्या जुन्या गिऱ्हाईक, तिथून पुलावरची गोष्ट त्यांच्या कानावर गेली. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की मामींनी पातेल्यात पाहिलं, ताटातल्या सालांकडे पाहिलं आणि मटकन खाली बसल्या.

"ही पेज?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, पेजेसारखी दाट झालीय, असं कौतुकाने म्हणतायत. मी म्हटलं, "हो मामी, आज कुठे जमली. इतके दिवस नुसतं पाणीच व्हायचं."

"आनि सुमनला बी हीच?"

"छे, तिला वाससुद्धा सहन होत नाही. ती तिकडे दार लावून बसते."

मामींच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मामांनी पोतं खाली ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं, पण त्यांचा आवाज मऊ होता. "जावईबापू, माणसावर वाईट येल येते. त्यात लाज नाय. पन आमाला सांगायचं व्हतं. पोर काय आमाला जड हाय?" मग आत वळून म्हणाले, "सुमन, कापडं भर गो."

सुमन बाहेर आली ती कुणाच्या तरी घरून आलेली भाकरी आणि कालवण खात. पोटानेच नव्हे, गालांनीसुद्धा भरलेली. मामी तिच्याकडे बघतच राहिल्या. "कापडं कशाला? झालंय काय?" असं ती विचारते तोवर मामींनी सगळं भडाभडा सांगून टाकलं. सालं, पुलावरची हिरूबाई, परत केलेली कोळंबी. ऐकता ऐकता सुमनने हातातल्या भाकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. डोहाळे कुठून पुरवले जात होते ते आम्हा दोघांना एकाच क्षणी कळलं.

मग मी बोललो. मासिकापासून पातेल्यापर्यंत सगळं. माझं संपल्यावर मामांनी पातेल्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. "म्हंजे हे माज्या मिरचीला?"

हो म्हटलं.

"आनि तुमी दोगं जेवताय ना वेवस्थित?"

सुमनने भरलेल्या तोंडाने मान हलवली. मामा पोत्यावर बसले, टोपी काढून तोंड पुसलं आणि असे हसायला लागले की पोतं एका बाजूला कलंडलं. मामी रडतही होत्या आणि हसतही होत्या. मीही तिथेच सालांच्या ताटाजवळ बसलो.

ते द्रावण गाळून, पाण्यात पातळ करून मी मामांच्या शेतावर नेलं. त्यांनी दोनच ओळी दिल्या. जावयावर विश्वास होता, पण दोन ओळींपुरता. गेलेली पानं काही परत आली नाहीत. मात्र काही दिवसांनी पुन्हा फवारल्यावर त्या ओळींना नवी पालवी फुटली ती मागून पुढून स्वच्छ हिरवी. मामा पान उलटून बघायचे, पुढच्या झाडाकडे जायचे, परत येऊन तेच पान उलटायचे. मग म्हणाले, बाकीच्या ओळींना कधी मारताय? त्या साली मिरची वाचली. सगळी नाही, पण कंत्राटाचा विषय परत निघाला नाही एवढी.

राहिली हिरूबाई. सुमन म्हणाली, त्या बाईने आपल्यासाठी अख्ख्या अष्टमीत शब्द टाकला, तिला खरं सांगायलाच हवं. दोघं पुलावर गेलो. या वेळी मी मान हलवली नाही, सविस्तर बोललो. बुरशी सांगितली, आम्ल सांगितलं, पानावरचा पापुद्रा सांगितला. तिने कोयती बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे सर, तुमी मिरचीला कोलंबी चारता?"

म्हटलं, तसंच समजा.

मग सुमनला जवळ ओढून, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "बाय, गरीब हाय असं वाटत व्हतं तवाच बरं व्हतं गो. गरिबीला शेजारी पुरतात. ह्याला तू एकटी किती पुरशील?"