न तपासलेली स्प्रिंग

गाडी बंद पडली की आपण बॉनेट उघडतो. काका आधी वास घ्यायचे. गुडघे टेकून, डोळे मिटून, मागच्या चाकाजवळ नाक नेऊन सांगायचे, "पट्टा जलाला. घाई केली का जलतो." तुम्ही कितीही शिकलेले असा, त्या नाकापुढे तुमचं काही चालत नसे.

मी महाप्याला एका छोट्या कारखान्यात स्प्रिंगा तपासते. गळ्यात कार्ड, हातात मोजमापाची साधनं आणि तेव्हा डोक्यात जराशी हवाही होती. एका दुपारी चहाला बाहेर पडले, तर गेटवर वॉचमन एका किडकिडीत माणसाशी हुज्जत घालत होता. त्या माणसानं, म्हणजे याच काकांनी, मला बघून वर्तमानपत्राची पुडी सोडली. आत बोटभर जाडीची एक स्प्रिंग होती.

"मॅडम, अशीच पायजे. पन जरा कडक."

त्यांचं गाव उलव्याच्या पलीकडे, खाडीला लागून. ओहोटी लागली की बायका चिखल तुडवत तासभर आत जायच्या, खुबे नि चिंबोऱ्या, म्हणजे शिंपले नि खेकडे, गोळा करायच्या आणि भरतीच्या आधी परतायच्या. त्यांच्यासाठी पाच घरांनी मिळून एका बंद पडलेल्या रिसॉर्टची उघडी, चिखलात चालणारी गाडी घेतली होती. ती रुतू नये म्हणून काकांनी तिला रुंद टायर लावले. ते जड टायर ओढताना क्लच मार खाऊ लागला.

त्या गाडीला गिअर बदलावे लागत नाहीत. क्लचच्या दोन थाळ्या एक रबरी पट्टा पकडतात आणि गाडी हलते. मधली स्प्रिंग तोवर त्यांना लांब धरून ठेवते. "इंजिनला दम भरू द्या, मंगच पट्टा धरायचा," काका म्हणाले. त्यासाठी कडक स्प्रिंग. शिवाय थाळ्यांना जवळ ढकलणारी क्लचमधली तीन लोखंडी वजनं त्यांनी कानशीनं घासून हलकी केली होती आणि ती ते चक्क सोनाराच्या काट्यावर जोखून आणायचे. मंगळसूत्र घ्यायला आलेलं जोडपं ताटकळत बसलंय आणि काका लोखंड तोलतायत. "तिघा भावांचा वजन सारका पायजे, नायतर घर हालतं," असं त्या जोडप्यालाच सांगायचे.

त्यांना हवी तशी स्प्रिंग आमच्याकडे होती, पण बाजूला काढलेल्या मालात. भट्टीत काही बिघडल्याचा संशय होता आणि ती हजारो वेळा दाबून बघायची चाचणी अजून व्हायची होती. मी एक उचलली, ताकद मोजली, बरोब्बर भरली. आपण कुणाच्या उपयोगी पडतोय याचंच मला भारी कौतुक वाटलं.

"तपासलीव ना?" त्यांनी विचारलं.

"मी स्वतः."

अर्धं खरं होतं ते. त्यांनी स्प्रिंग खिशात टाकली, वाससुद्धा न घेता.

पंधरा दिवस गाडी झकास चालली. बांध चढतानाचा व्हिडिओ आला, मागोमाग पिशवीभर चिंबोऱ्या आल्या. मी त्या चाटूनपुसून खाल्ल्या.

मग एका सकाळी चाचणीचा निकाल टेबलावर आला. त्या मालातल्या स्प्रिंगा तुटत होत्या. काकांचा फोन लागेना. मी स्कूटर काढली आणि उलव्यापर्यंत मनात एकच हिशेब, आज ओहोटी किती वाजता.

धक्क्यावर त्यांची बायको मासळी निवडत होती. "ती बग गाडी. सहा जनी हायती," ती म्हणाली. मग पाण्याकडे बघून म्हणाली, "पानी फिरला." भरती लागली होती.

लांब चिखलात गाडी काडेपेटीएवढी दिसत होती. तिनं एक हिसका खाल्ला आणि ती थांबली. काकूंनी हातातला कोयता खाली ठेवला. दोघी बघत राहिलो.

काकांनी क्लचचं झाकण उघडलेलं दिसलं. पाणी आत उडू नये म्हणून बायका त्यांच्याभोवती गोल करून उभ्या राहिल्या. ते पाणी घोट्यावरून पोटऱ्यांवर, तिथून गुडघ्यांवर गेलं. एकही बाई जागची हलली नाही. अर्ध्या तासानं इंजिनाचा आवाज आला. माझी स्प्रिंग तुटली होती; जुनी, नरम स्प्रिंग त्यांनी बरोबर ठेवली होती, ती बसवली. पण तिच्यावर सगळ्यांचं वजन पेलणार नव्हतं. म्हणून त्यांची म्हातारी वहिनी तेवढी गाडीत बसली, बाकीच्या जणी टोपल्या रिकाम्या करून मागचा दांडा धरून चालत आल्या. गाडीच्या आधी जळक्या रबराचा वास धक्क्यावर पोचला.

पाचही घरांचे पुरुष जमले होते. "स्प्रिंग कुटची बसवलीव?" एकानं विचारलं. मी तोंड उघडलं. काकांनी माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मीच आनली, मीच बसवली." चावी काढून त्या माणसाच्या हातावर ठेवली.

मी गप्प राहिले. धक्का बसला होता म्हणून नव्हे. मला माझी नोकरी आठवली म्हणून. त्या गप्प बसण्याची लाज मला आजही वाटते.

आठ दिवसांनी, तीन दिवस मशीनवर दाबून दाबून तपासलेली स्प्रिंग घेऊन मी त्या वहिनींकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"आमाला म्हाईत हाय, बाय," त्या म्हणाल्या. "त्यानी त्याच सांजेला सांगतला. म्हनला, पोरीची नोकरी जाईल, भायेर काडू नका."

"मग चावी द्या ना त्यांना परत."

"आमी देतोव. तोच घेत नाय. म्हनतो, मी नुसता इचारला, तपासली नाय. सहा जनी व्हत्या माज्या गाडीत."

काका आता दुसऱ्याच्या बोटीवर मासेमारीला जातात, आठ-आठ दिवस. फोन लागला की विचारतात, "जेवलीस का, बाय?" स्प्रिंगचा विषय काढला की त्यांची रेंज जाते. गाडी धक्क्याजवळ ताडपत्रीखाली आहे. तो क्लच त्यांच्याशिवाय कुणाला जमत नाही आणि ते हात लावत नाहीत.

परवा ओहोटीला मी तिथेच होते. सहाही जणी टोपल्या घेऊन पायीच चिखलात उतरल्या, वहिनी सगळ्यांच्या मागे. काकूंनी चहा दिला. दुपारनंतर पाणी फिरलं. सहाव्या बाईचा पाय धक्क्याला लागेपर्यंत मी जागची हलले नाही.