कुंकू लावलेल्या बुट्ट्या

नव्याकोऱ्या बुट्टीवर कुंकू दिसलं म्हणून ती वापरलेली ठरवणारा साहेब मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. शिकलेला, कडक इस्त्रीचा, दसऱ्याला स्वतःच्या स्कूटरला हार घालणारा. इतकी वर्षं झाली, देवाचं नाव घेत बसले तरी मधेच त्याचं ते तोंड आठवतं आणि माळ हातातच राहते.

शिवम्माअक्का आमच्या शेजारच्या. माहेर नेसरीचं, घरात निम्मं कानडी. त्यांचे मालक विरूपाक्षअण्णा; त्यांचं कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत खराटे, सुपं, बुट्ट्या यांचं दुकान. कोल्हापूरजवळच्या एका नगरपालिकेत गटारं उपसणाऱ्या बायकांना लागणाऱ्या बांबूच्या बुट्ट्या, म्हणजे टोपल्या, तेच पुरवायचे. अण्णांचे गुडघे गेले आणि तो कारभार अक्कांच्या अंगावर आला. अक्कांची शाळा कानडी. बोलायला कुणाला हार जायच्या नाहीत, पण मराठी अर्ज लिहायचा म्हटलं की परड्यातनं मला हाक यायची. म्हणून यातलं बरंचसं मला जवळून ठाऊक.

नगरपालिकेची रीत अशी, की वर्षभर बुट्टीची आठवण नाही. पाऊस तोंडावर आला, गटार तुंबून बाजारपेठेत घाण शिरली, की शिपाई धावत दुकानात. "साहेबांनी सांगितलंय, आठ दिवसांत माल पायजे." मग अण्णा शाहूवाडीच्या डोंगरातल्या बुरुडांना निरोप धाडायचे, आणि ती माणसं भर पावसात दिसेल तो ओला, कोवळा बांबू तोडून बुट्ट्या विणायची. गौरी बसेपर्यंत त्यांना कीड लागायची, बूड गळायचं. दोष कुणाला? बुरुडांना. "ही जातच फसवी," असं भांडारातले साहेब आमच्यासमोर बोललेले. त्यांनीच मग प्लास्टिकची घमेली आणली. ती महिन्यात तडकायची आणि त्याच गटारात पडायची. उपसायच्या पुन्हा त्याच बायका!

नव्व्याण्णव साली अक्का मला घेऊन एसटीनं थेट डोंगरातल्या धोंडुबाईकडं गेल्या. धोंडुबाई म्हणजे तिथल्या बुरूड बायकांत शब्द चालणारी बाई. अक्कांनी चहा व्हायच्या आतच विचारलं, "तुमच्या बुट्ट्या का कुजत्यात गं?"

धोंडुबाई उठली आणि आम्हाला घरामागच्या बेटाकडं घेऊन गेली. बांबूचं बेट म्हणजे एका बुडख्यातनं उठलेला घोस. ते अर्धं वाळून गेलं होतं.

"पावसात कोंब फुटत्यात, अक्का. बाळंतिणीच्या खोलीत शिरावं तसं आमी तवाच कोयता घिऊन शिरतो. कोंब तुडिवलं जात्यात. फुडं बेट ऱ्हाणार कसं? आन ओला बांबू ग्वाड. किडा खानारच की."

"मग का शिरतासा?"

"तुमीच तर निरोप धाडतासा."

येताना एसटीतच अक्कांनी मला अर्जाचा मजकूर सांगायला सुरुवात केली.

त्यानंतर त्यांनी जे लावून धरलं ते धरलंच. दर सोमवारी महादेवाचं दर्शन घेऊन नगरपालिकेत. मागणी एकच. बुट्ट्यांची ऑर्डर दिवाळीनंतर द्या, म्हणजे थंडीत जून बांबू तोडता येईल, भिजवून वाळवता येईल. माल चैत्रात घ्या आणि पावसापर्यंत भांडारात ठेवा. यात अवघड काय? पण त्यासाठी एक पावसाळा आणि एक उन्हाळा खेटे घालावे लागले. बाकीच्या नगरपालिकांना माल देणाऱ्या दोघा दुकानदारांकडंही त्या गेल्या. त्यातला एक म्हणाला, "अक्का, दुकान चालिवतासा का वनखातं?" अक्का म्हणाल्या, "बेट मेल्यावर काय इकणार? तुजी टोपी?" तो हसला खरा, पण पुढल्याच आठवड्यात तोही आमच्याबरोबर अर्जावर सही करायला आला.

शेवटी ऑर्डर दिवाळीनंतर निघाली. त्याच्या आधीच्या पावसात एक मांडववाला ठेकेदार टेंपो घेऊन डोंगरात गेला होता. हिरवा, वाळका, सगळाच बांबू उचलतो म्हणाला. धोंडुबाईनं त्याला परत धाडलं. सगळ्या वस्तीला तिनं अक्कांचा शब्द दिला होता, की बेट राखा, माल सरकारात जाणार. म्हणजे माल नापास झाला असता तर वस्तीनं पुढल्या पावसात बेटं त्या ठेकेदाराच्या ताब्यात दिली असती. अक्कांना ते पक्कं माहीत होतं.

चैत्रात टेंपो भरून बुट्ट्या आल्या. घट्ट विणीच्या, आतनं बाहेरनं शेणानं सारवलेल्या, कारण सारवलेल्या बुट्टीत पाणी मुरत नाही. आणि प्रत्येकीच्या काठाला हळदीकुंकवाची बोटं. धान्याची बुट्टी घरात जाताना तिला कुंकू लावायची त्यांची रीत आहे. घाणीच्या बुट्टीला आजवर कुणी लावलं नव्हतं. पण त्या साली बेट न मोडता माल निघाला, म्हणून बायकांनी आपण होऊन सगळ्याच बुट्ट्यांना लावलं.

भांडाराच्या अंगणात साहेबांनी एक बुट्टी दोन बोटांत उचलली आणि नाक मुरडलं.

"हे काय? शेण? आणि हे कुंकू? लग्नाकार्यातला जुना माल गोळा करून आणलाय तुम्ही. वापरलेला माल घेता येत नाही. नापास."

"सायेब, नवीन हायत. बांबूचा रंग बघा की."

"मला शिकवू नका. धुऊन, स्वच्छ करून आणा. मग बघू."

धुवायचं म्हणजे शेण जाणार, पहिल्या पावसात बुट्टी कुजणार, आणि पुन्हा बुरूड फसवे म्हणायला हे मोकळे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अण्णा रिक्षातच बसून होते. तिथनं हळूच म्हणाले, "शिवम्मा, पुसून टाक की. काय बिघडतंय?"

"बिघडतंय," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी साहेबांकडं तोंड केलं. "सायेब, गेल्या महिन्यात तुमची नवी कचरागाडी आली. नारळ फोडला, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घालून फोटू काढला. मी हितंच उभी होते. ती गाडी वापरलेली व्हती व्हय?"

कारकून खाली मान घालून हसला. साहेब लाल झाले. "गाडीची गोष्ट वेगळी. नियम म्हणजे नियम," एवढं बोलून चहाला निघून गेले. गाडीची गोष्ट वेगळी म्हणे! गाडीपुढं यांचा फोटो निघतो, बुट्टीपुढं कोण उभं राहणार?

तेवढ्यात झुंबरबाई आल्या. गटारकामावरच्या बायकांच्या मुकादम, मागं त्यांची सगळी टोळी. प्लास्टिकची घमेली तडकली होती, नव्या बुट्ट्या न्यायला आलेल्या. त्यांनी टेंपोत डोकावून पाहिलं.

"आगं बया! ह्यास्नी कुकू कुनी लावलं?"

"विणनारणींनी," अक्का म्हणाल्या. "सायेब पुसा म्हणत्यात. न्हाईतर नापास."

झुंबरबाईंनी एका बुट्टीच्या काठावरनं बोट फिरवलं. "आमच्या हातात येनाऱ्या वस्तूला आजवर कुनी कुकू लावलं न्हवतं, अक्का. आमी दारात आलो तर लोक पानी वरनं वतत्यात." मग मागं वळून मोठ्यानं म्हणाल्या, "उचला गं पोरीनू! येकेक घ्या. मागल्या आळीचं गटार तुंबलंय."

कारकून धावला. "ओ मावशी, माल अजून पास न्हाय!"

"मग कर पास. गटार काय तुज्या सायबाचा च्या हुईस्तोवर थांबतंय?"

बघता बघता टेंपो निम्मा रिकामा झाला. बायका बुट्ट्या कमरेवर घेऊन ओळीनं फाटकातनं बाहेर पडल्या. साहेब परत आले तेव्हा त्या बुट्ट्या गटारातल्या काळ्या गाळानं भरून गाडीवर चढत होत्या.

"हे कुणाला विचारून नेलं?"

"सायेब," अक्का म्हणाल्या, "आता झाला माल वापरलेला. तुमच्याच कामगारांनी तुमच्याच गटारात वापरला. परत मी घेनार न्हाई. दुकानात आमी नवा माल इकतो."

त्यांना तो माल दाखल करून घ्यावाच लागला. उरलेल्या निम्म्यासकट, कारण सगळ्या मालाचं चलन एकच होतं. पण मनानं नाही. पुढच्या साली ऑर्डर दिवाळीनंतर आली ती एका नव्या अटीसह: मालावर कुंकू, हळद वा कसलीही खूण नसावी. घाणीत हात घालणाऱ्या बाईला वर्षातनं एकदा मान मिळाला, तो यांच्या डोळ्यात इतका सलला!

अक्कांनी ती अट मला दोनदा वाचायला लावली. मग धोंडुबाईकडं गेल्या. धोंडुबाईनं बेट दाखवलं. वाळलेल्या बाजूला नवे कोंब उठून माणसाच्या वर गेले होते. ठेकेदार पुन्हा येऊन हात हलवत गेला होता.

"मंग औंदा कुकू लावू का नगं?" धोंडुबाईनं विचारलं.

"लाव," अक्का म्हणाल्या. "टेंपोबरोबर मी सोता जाते. झुंबरबाईची टोळी येऊन बुट्ट्या उचलीस्तोवर अंगणातनं हलत न्हाई."

आणि तेव्हापासून दर चैत्रात त्या तशाच जाऊन बसायच्या, डबा घेऊन, साहेबांच्या दारासमोर.